यात्रेकरूंचे डॉक्टर

महाशिवरात्र जवळ आली कीं सावली आणि तिच्या आसपासच्या गांवांतील माणसांचे पाय वैनगंगेकडे वळतात. नदी ओलांडून गेलें म्हणजे मार्कंड्याचें प्राचीन देवालय. तेथें वैनगंगा उत्तरवाहिनी, म्हणून स्नानाचें पुण्य विशेष. चांद्याच्या अरण्यांतील असो कीं चंद्रभागेच्या वाळवंटांतील, यात्रा म्हटली कीं पूर्वीं भक्तीच्या मागोमाग पटकी येई. ज्या पाण्यांत हजारोंनीं स्नान करावयाचें, तेंच पाणी चुलीवर आणि तेंच ओंजळींत. घरीं परतणारा यात्रेकरू तीर्थाबरोबर रोगही गांवीं नेई.

ही चिंता केवळ आपल्याच देशाची नव्हती. 1865 सालीं मक्केच्या यात्रेंत उसळलेली पटकी परतणाऱ्या प्रवाशांबरोबर इजिप्तमार्गें युरोपांत पोंचली, आणि पुढच्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें राष्ट्रांची आरोग्य-परिषद भरली. जहाज अडवा, यात्रा थोपवा, माणूस कोंडा, असा तेथपासूनचा राज्यकर्त्यांचा कल. प्रवाशाला अडविण्याऐवजीं प्रवाशाच्या देहांतच रोगाचा बंदोबस्त करून ठेवावा, ही दुसरी वाट हिंदुस्थानांत ज्यांनीं चालून दाखविली, ते वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म 1860 सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा येथें, एका ज्यू कुटुंबांत झाला. जन्मभूमींत ज्यूला प्राध्यापकपद मिळणें कठीण. म्हणून ते जिनिव्हास व तेथून पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत गेले. तेथेंही प्रथम जागा मिळाली ती ग्रंथालयांतील मदतनिसाची! 18 जुलै 1892 रोजीं त्यांनीं पटकीची आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. लोक त्यांना डॉक्टर म्हणत; वास्तविक ते प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. सरकारी वैद्यकखात्यांतील अधिकाऱ्यांना हें शल्य पुढें बरेंच बोंचलें.

1893 च्या मार्चमध्यें ते कलकत्त्यास आले. सुमारें दोन वर्षांत बेचाळीस हजारांवर माणसांनीं त्यांच्याकडून टोंचून घेतलें. यांत पलटणींतले शिपाई होते, तुरुंगांतील कैदी होते, आसामच्या चहाच्या मळ्यांवर पोटासाठीं दूर गेलेले मजूरही होते. सक्ती करावयाची नाहीं, हा हाफकिन यांचा नियम. आपल्याकडे देवी काढण्याची चाल लोकांच्या अंगवळणीं पडलेली होती, तिचाही कांहीं उपयोग झाला असेल. अडचण एवढीच कीं, ही लस कांहीं दिवसांच्या अंतरानें दोनदां टोंचावी लागे, आणि यात्रेकरू दुसऱ्या टोंचणीसाठीं थोडाच थांबतो!

1896 सालीं मुंबईंत प्लेग आला आणि हाफकिन यांना तांतडीनें तेथें धाडण्यांत आलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तुटपुंज्या जागेंत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं तीही आधीं स्वतःस टोंचली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. सरकारची पावलें मात्र उलट दिशेनें पडत होतीं. फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीच्या प्रवाशांस उतरवून तपासण्याचा अधिकार त्यानें दिला. फलाटावर परपुरुषानें स्त्रियांची तपासणी करावी, याचा संताप घरोघर पेटला. त्या वर्षीं मुंबईहून हजला जाण्यासही मनाई झाली. पुण्यांत 22 जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर कोठें सरकारास टोंचणीचें मोल कळूं लागलें, आणि टोंचल्याचा दाखला बाळगणारास विलगीकरणाच्या छावणींतून सूट मिळूं लागली. 1899 सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग मलकोवाल. पंजाबांतील या खेड्यांत 30 ऑक्टोबर 1902 रोजीं 107 जणांना प्लेगची लस टोंचण्यांत आली; त्यांतले 19 जण धनुर्वातानें दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलींतली, क्रमांक 53 एन. चौकशी-मंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. मलकोवालास बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, ही गोष्ट दडलेली नव्हती. तिचें वजन करण्यास मात्र सरकारास चार-पांच वर्षें लागलीं! 1907 सालीं रॉनल्ड रॉस आदि दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें पत्र लिहिलें, तेव्हां हाफकिन निर्दोष ठरले. परंतु परत आले ते कलकत्त्यास. माणसांवर नवे प्रयोग करण्याची मुभा त्यांना उरली नाहीं. ज्यानें प्रत्येक लस आधीं आपल्याच देहावर पारखली, त्याला ही बंदी!

ते 1915 च्या सुमारास निवृत्त होऊन युरोपास गेले. 1925 सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. 1930 च्या ऑक्टोबरमध्यें लोझान येथें ते वारले.

पटकीच्या टोंचणीचा दाखला पुढें कित्येक वर्षें जगभरच्या प्रवाशांच्या सामानांत राहिला. टोंचलेला माणूस कांहीं काळ बचावतो, पण रोगाचा प्रसार त्यानें थांबत नाहीं, हें अनुभवानें दिसून आलें, आणि 1973 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीं त्या दाखल्याची अट काढून टाकली. यात्रेच्या गांवीं डॉक्टरची पहिली नजर आतां प्रवाशाच्या दंडाकडे जात नाहीं. ती पाण्याकडे जाते.