नांगर धरणारा शिक्षक

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास दिलेले निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी नेहमी आठवले जाते. त्यातील शिक्षकांविषयीचा भाग आम्हांला तितकाच महत्त्वाचा वाटतो. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, प्रसंगी नांगराची मूठ धरण्याची त्यांना लाज वाटू नये आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये पगार मिळावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. शिक्षक कोणत्या थरातून येतो आणि त्याचे पोट कसे भरते, हे प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत.

परंतु गरिबाच्या मुलाने शिक्षक होईपर्यंत खायचे काय? याचे उत्तर सत्यशोधक चळवळीतून घडलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शोधले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने मुलांच्या श्रमालाही शिक्षणात स्थान मिळाले. १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यातच प्राथमिक शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय सुरू केले. वसतिगृह आधी आणि अध्यापक विद्यालय नंतर, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

आज वंचित समाजांतून शिक्षक यावेत यासाठी आपण राखीव जागांचा विचार करतो आणि तो आवश्यकच आहे. मात्र खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च न झेपल्याने मिळालेला प्रवेश सोडावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ जागा पुरत नाही. त्याच्या राहण्याजेवण्याची सोय हाही अध्यापक-शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.