दाताला लावते, खात नाही

अहमदपूरच्या आमच्या घरी रविवारी सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास यायचा. पानं काळी पडली की आजी ती चुरायची आणि डबीत भरायची. ही मिश्री. पुण्याकडे हिलाच मशेरी म्हणतात. मग रोज उंबऱ्यावर बसून बोटानं ती हिरड्यांवर फिरवायची, चांगली पंधरा-वीस मिनिटं. व्यसन म्हटलं की चिडायची, “दाताला लावते बाबा, खात न्हाई.”

तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. १६०४च्या सुमारास असद बेग विजापूरहून ती अकबराच्या दरबारी घेऊन गेला, तेव्हा तिथं ती नवलाई होती. दख्खनला ओळखीची झाली होती. पुढे पुरुषांनी ती चिलमीत ओढली, पानात खाल्ली. बाईनं चारचौघांत विडी ओढणं शोभेना, पण दात घासायला कोण नाही म्हणणार? घराघरांत ती मंजन होऊन शिरली, असा माझा अंदाज.

कारखान्यांनीही तंबाखूची दंतमंजनं काढली. १९९२ साली केंद्र सरकारनं त्यांवर बंदी घातली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. पण आजीच्या तव्याला कोणतं कलम लागणार?

२००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. न ओढता तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. त्यांत मिश्री लावणाऱ्याही होत्या. निकोटिन हिरडीतूनच रक्तात जातं, गिळायची गरज नसते. आजीची पाच बाळंतपणं झाली, दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. ती मिश्रीमुळे गेली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणताच येत नाही. पण तो आकडा वाचला त्या रात्री झोप लागली नाही.

मागच्या दिवाळीला मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि फ्लॉसची डबी घेऊन गेलो. सकाळी आणि झोपताना दोन-दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा, लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, दातांच्या फटीतून दोरा हळू फिरवायचा, सगळं करून दाखवलं. आजीनं उरलेले पाच दात दाखवले आणि हसली. ब्रश सध्या समई घासायला आहे. मिश्रीची डबी अजून चंचीत आहे. दोरा मात्र तिला पसंत पडला. मोगरा ओवायला बरा, म्हणाली, तुटत नाही.