पाठ टेकण्याचा धडा

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे एका ज्यूदोच्या वर्गात दाखल झालो. दोघेही चाळिशी ओलांडलेले, दोघेही मराठीचे अध्यापक, आणि दोघेही अगदीच कोरे नव्हतो. एकाने महाविद्यालयीन वयात सहा वर्षे कराटे केले होते व तपकिरी पट्ट्यापर्यंत मजल मारली होती. दुसऱ्याचे बालपण गावच्या तालमीत, हौद्यातल्या तांबड्या मातीत गेले होते. तेव्हा मनात थोडा ताठा होता, हे कबूल केले पाहिजे. शिक्षक आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी आमची पूर्वपीठिका शांतपणे ऐकून घेतली आणि पांढरे पट्टे हातात ठेवले.

पहिला तासभर कुणाला पाडायला सांगितलेच नाही, पडायला सांगितले. जपानीत याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ वाटोळी करायची आणि गादीवर पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात सपाट आपटायचे, म्हणजे आघात एका जागी न राहता पसरतो. कृती सोपी, पण आमच्यातल्या पैलवानाला ती काही केल्या जमेना. ज्याला वयाच्या आठव्या वर्षापासून वस्तादांनी एकच गोष्ट शिकवली, की काहीही होवो, पाठ मातीला लागता कामा नये, त्याला आपण होऊन पाठ टेकायला सांगणे म्हणजे अक्षरे गिरवलेल्याला पाटी पुसायला सांगण्यासारखे. प्रत्येक वेळी शरीर आपोआप वळे आणि तो पोटावर पडे. कराटेवाल्याची अडचण निराळी. त्याची सारी विद्या अंतरावर उभारलेली. समोरच्याने बाही आणि गळपट्टी धरून ते अंतरच नाहीसे केल्यावर हातापायांना काम उरेना.

त्या रात्री अंग ठणकत असताना आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो (अध्यापकांचा हा रोग जुना आहे), आणि ध्यानात आले की ज्यूदोचा संस्थापकही असाच दुसऱ्याच्या दारात नवशिका म्हणून उभा राहिला होता, तोही एकदा नव्हे.

कानो जिगोरोचा जन्म १८६० सालचा, कोबेजवळच्या मिकागे गावी, साके गाळणाऱ्या सधन घराण्यातला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. शाळेत दांडगी मुले छळत, म्हणून त्याला जुजुत्सू शिकायचे होते. पण मेइजी क्रांतीनंतरच्या जपानमध्ये सामुराईंबरोबर त्यांच्या विद्याही मोडीत निघाल्या होत्या, शिकवणारा सापडेना. जुजुत्सूचे जुने जाणकार बरेचदा हाडे बसवण्याचा व्यवसाय करीत, एवढ्या धाग्यावरून तो १८७७ साली, विद्यापीठात पाऊल ठेवले त्याच वर्षी, फुकुदा हाचिनोसुके यांच्यापर्यंत पोचला. हे तेन्जिन शिन्यो परंपरेचे गुरू. कानोने पुढे आठवणींत सांगितले आहे, की एखादी फेक कशी करायची असे विचारले की फुकुदा त्याला उचलून आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. स्पष्टीकरण नाही. परंपरेने ज्ञान देण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. फरक इतकाच, की हा विद्यार्थी तोक्यो विद्यापीठात राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकत होता आणि 'का' हा प्रश्न त्याच्या हाडीमाशी भिनत चालला होता.

याच काळातली एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्या दोजोत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी होता. कानोला तो आवरेना. कानोने सूमोचे डाव पाहिले, ते पुरेनात. मग ग्रंथालयात जाऊन त्याने पाश्चात्त्य मल्लविद्येचे पुस्तक धुंडाळले, आणि प्रतिस्पर्ध्याला आडवा खांद्यांवर घेऊन फेकण्याचा डाव त्यातून उचलला. फुकुशिमा पडला. ज्यूदोत या डावाला आज 'काता-गुरुमा', म्हणजे खांद्यावरचे चाक, म्हणतात. ज्याला आपण शुद्ध जपानी म्हणून नमस्कार करतो त्या विद्येतला एक प्रसिद्ध डाव ग्रंथालयातल्या परदेशी पुस्तकातून आला आहे. साहित्याच्या इतिहासात आपण ज्याला प्रभाव म्हणतो आणि ज्याच्यावर अजून भांडतो, तो हाच व्यवहार.

१८७९ साली फुकुदा वारले. कानो त्याच परंपरेतल्या इसो मासातोमो यांच्याकडे गेला. तेही १८८१ साली गेले. मग तो कितो परंपरेच्या ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे पोचला. तोवर तेन्जिन शिन्यो परंपरेत तो चांगला मुरला होता. गळा आवळणे, सांधे पिळणे, जमिनीवर दाबून धरणे हे त्याच्या हातात बसले होते. कितो परंपरेचा भर मात्र फेकींवर. पन्नाशीच्या आसपासचे ईकुबो या मुरलेल्या तरुणाला सहज फेकून देत. पहिल्या दोन गुरूंकडे शिकलेले येथे फारसे चालेना. पुढे सरावातून त्याला 'कुझुशी'चे मर्म उमगले: फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडायचा, आणि तोही त्याच्याच हालचालीचा फायदा घेऊन. हे साधल्यावर ईकुबोंना त्याला पाडता येईना. तेव्हा गुरूनेच, आता तुला शिकवण्यासारखे माझ्याजवळ उरले नाही, अशा अर्थाचे सांगितले असे कानो नोंदवतो. विशेष म्हणजे १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या जागेवर त्याने कोदोकान सुरू केले, तेव्हा ईकुबो तेथे येऊन शिकवीत असत. पहिल्या वर्षी विद्यार्थी अवघे नऊ.

या नऊ-दहांच्या घोळक्यातले साइगो शिरो हे नाव पुढे दंतकथा बनले. कोदोकानचा पहिला विद्यार्थी तोमिता त्सुनेजिरो; त्याचा मुलगा तोमिता त्सुनेओ याने १९४२ साली 'सुगाता सान्शिरो' ही कादंबरी लिहिली व तिच्या नायकासाठी साइगो शिरोचा आधार घेतला. दुसऱ्याच वर्षी कुरोसावाने तिच्यावर आपला पहिला चित्रपट केला. त्यात जुजुत्सू शिकायला आलेला सान्शिरो एका टोळीबरोबर ज्यूदोच्या आचार्यावर चालून जाणाऱ्यांची फजिती पाहतो. आचार्य एकेकाला नदीत फेकतो, आणि हा तिथल्या तिथे त्याची रिक्षा ओढू लागतो. प्रसंग देखणा आहे. पण इतिहास म्हणून फसवा आहे, असे आमचे मत. कादंबरीत जुने आणि नवे समोरासमोर उभे ठाकतात व नवे जिंकते. वास्तवात साइगो कोदोकानमध्ये आला तोच तेन्जिन शिन्योचा विद्यार्थी म्हणून, आणि पहिल्या पिढीतला दुसरा धुरंधर योकोयामा साकुजिरो हाही त्याच परंपरेतला. कोदोकानने जुन्यांना हरवले असे म्हणताना, हरवणारे हात जुन्यांनीच घडवले होते हे सोयिस्करपणे गळते. १९०६ साली क्योतो येथे काता, म्हणजे ठरीव क्रमाच्या कवायती, निश्चित करण्यासाठी समिती बसली, तेव्हा कानोच्या बरोबरीने तोत्सुका एइमी आणि होशिनो कुमोन हे जुन्या परंपरांचे आचार्यही तिच्यात होते. कादंबरीला या समितीचा उपयोग नाही, हे खरेच.

साहित्यिकांच्या दृष्टीचा आणखी एक नमुना लाफ्कादिओ हर्नचा. १८९१ साली तो कुमामोतोच्या ज्या विद्यालयात इंग्रजी शिकवायला आला, तेथे कानोच मुख्याध्यापक होता. १८९५ च्या 'आउट ऑफ द ईस्ट' या पुस्तकात हर्नने जुजुत्सूवर निबंध लिहिला आणि प्रतिस्पर्ध्याच्याच बळावर त्याला जिंकण्याचे हे तंत्र साऱ्या जपान राष्ट्राचे रूपक करून टाकले. निबंध वाचनीय आहे. पण तो काठावर बसून लिहिलेला आहे. पहिल्या तासाला दहा वेळा पडलेल्या माणसाला रूपक इतक्या लवकर सुचत नाही, हे आम्ही आता अनुभवाने सांगू शकतो.

आमच्यातल्या कराटेवाल्याला मात्र या वाचनात एक धक्काच बसला. १९२२ साली ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन तोक्योत आपली विद्या दाखवायला आले. पन्नाशी उलटलेला हा शाळामास्तर. कानोने त्यांना कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करायला लावले, आणि त्यानंतर ते तोक्योतच राहिले. कराटेचा पांढरा पोशाख, काळा पट्टा, 'दान' ही श्रेणी, हे सारे ज्यूदोवरून घेतलेले. फुनाकोशींनी पहिल्या दान-पदव्या दिल्या १९२४ साली, कानोने मात्र १८८३ सालीच. म्हणजे ज्या पट्ट्याचा ताठा घेऊन आम्ही वर्गात शिरलो, तो मुळात याच घरचा होता!

आपल्याकडे ही विद्या आधी शांतिनिकेतनात आली, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. १९०५ साली सानो जिन्नोसुके तेथे शिकवायला आले. १९२९ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिन्झो आले. त्यांच्याकडे मुलीही शिकत. सानोंनी स्वतः तेथे बंगाली आत्मसात केली आणि पुढे 'गोरा'चे जपानी भाषांतर केले. पडायला शिकवायला आलेला माणूस कादंबरी घेऊन परतला.

असो. वर्ग आम्ही सोडलेला नाही. तिसऱ्या महिन्यात शिक्षकांनी काता-गुरुमा दाखवला. एक हात बाहीला, दुसरा मांड्यांमधून, गडी आडवा खांद्यांवर. पैलवान पटकन बोलून गेला, "सर, हा तर आमचा कलाजंग!" शिक्षक थांबले. तालमीत अंगात कपडा नसतो, मग बाहीच्या जागी काय धरता, असे त्यांनी विचारले. पैलवानाने त्यांचा दंड धरून दाखवला. त्यांनी तो डाव दोनदा करायला लावला, दोन्ही वेळा स्वतः पडले, आणि दोन्ही वेळा हात अगदी सपाट आपटले.