वांगं, वात आणि वडनेर : एका संशयाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय वांग्याचा आहे आणि तो वडनेर भोलजीत मांडायला थोडं धाडस लागतं. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या या पट्ट्यात भंडारा कुणाचाही असो, पंगतीत रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी येणारच. आणि त्याच पंगतीत गुडघा धरून बसलेली एखादी आजी म्हणते, "मले वांगं नोको वाढू बापा, वातूळ असते." हा संशय आला कुठून, आणि त्यात तथ्य किती, हे आज आपण पाहू.

आधी कुळाची ओळख. वांगं, मिरची, आलू आणि आपलं भेदरं, म्हणजे टोमॅटो, ही चारही एकाच कुळातली, सोलानेसी कुळातली. धोतरा, तंबाखू, रिंगणी आणि अश्वगंधाही याच घरातली. पण या चार भाज्यांत आपल्या मातीतलं फक्त वांगं. बाकीची तिघं अमेरिका खंडातली, पोर्तुगीज इथे पोचल्यानंतरची, म्हणजे १४९८ च्या पुढची. टोमॅटो तर इतका उशिराचा पाहुणा की मराठीत कुठेकुठे त्याचं नावच 'बेलवांगं' पडलं. तेव्हा "या चार भाज्या आपल्या पूर्वजांनी वर्ज्य सांगितल्या" असं कुणी मोबाइलवर पाठवलं, तर ते तिथेच थांबवा. पूर्वजांना त्यातल्या तीन माहीतच नव्हत्या.

मग वांग्यावरचा आरोप? संस्कृतात वांग्याला वार्ताक, वृन्ताक, वातिंगण अशी नावं आहेत. वातिंगण फारसीत गेलं, तिथून अरबीत, पुढे पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून इंग्रजांचं 'ब्रिंजल' झालं. नावात 'वात' दिसतो, म्हणून वातूळ, अशी समजूत सहज होते. पण हा शब्द मुळात द्राविडी भाषांतून आला असावा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, वाताशी त्याचं नातं मागाहून जोडलेलं. आणि गंमत म्हणजे सोळाव्या शतकातला भावप्रकाश उघडला तर वांगं उष्ण, भूक वाढवणारं आणि वात-कफ कमी करणारं सांगितलंय! जून झालेलं वांगं पित्त वाढवतं, अशी तक्रार तिथे आहे. सांध्यांची नाही.

एवढंच नाही. सांधे दुखले की वैद्य ज्या दशमुळांचा काढा देतात, त्या दहा मुळांत डोरली आणि रिंगणी ही दोन मुळं वांग्याच्या सख्ख्या भावंडांची. धोतऱ्याचं पान तेल लावून, गरम करून गुडघ्यावर बांधणारी आजी तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. म्हणजे दुखणं याच कुळानं आणलं म्हणायचं आणि औषधही याच कुळातलं घ्यायचं.

तरी संशय टिकला, आणि त्याचं कारण आमच्या मते पंचांगात आहे. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगं पोटभर खायचं, एकादशीपासून चातुर्मासभर ते बंद. पावसाळ्यातल्या वांग्याला अळी फार, हेही त्यामागे असेल. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं घरात परत येतं. आता महिना कोणता ते पाहा. वांगं परत येतं आणि त्याच सुमाराला थंडी पडते. सकाळी उठताना गुडघे आखडतात ते थंडीनं, आणि नाव येतं ताटातल्या भरताचं. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ज्या घरांत चातुर्मास पाळत नाहीत तिथल्या माणसांना विचारून पाहण्यासारखा आहे.

आजच्या स्वरूपातला आरोप मात्र अमेरिकेतून आला. रटगर्स विद्यापीठातले फळबागतज्ज्ञ नॉर्मन चिल्डर्स यांचे स्वतःचे सांधे आखडत. या कुळातल्या भाज्या सोडल्यावर बरं वाटलं, म्हणून १९७० च्या दशकापासून त्यांनी पुस्तकं लिहिली, हजारो लोकांना त्या सोडायला लावून त्यांचे अनुभव गोळा केले. माणूस प्रामाणिक होता. पण भाजी न सोडणाऱ्यांचा गट शेजारी ठेवून तुलना झालीच नाही, आणि सांधेदुखी तर आपोआप कमी-जास्त होणारा आजार. दक्षिण अमेरिकेत याच कुळातलं एक तण खाऊन गुरं लंगडी होत, हाही दाखला देतात. त्या तणात दोष निघाला तो ड जीवनसत्त्वासारख्या द्रव्याचा, आणि ते वांग्यातल्या सोलानिनपेक्षा अगदी वेगळं. सोलानिन खरंच जास्त असतं ते हिरवट पडलेल्या, कोंब आलेल्या आलूत. तो उकळूनही सुधारत नाही, फेकून द्यावा.

सगळंच खोटं, असंही नाही. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाउटच्या, म्हणजे युरिक ॲसिडच्या सांधेदुखीच्या, बऱ्याच रुग्णांनी टोमॅटोनं दुखणं उठतं असं सांगितलं, आणि टोमॅटो खाणाऱ्यांच्या रक्तात युरिक ॲसिड किंचित जास्तही आढळलं. तेव्हा ज्याला शंका आहे त्यानं एकच भाजी तीन आठवडे सोडावी, पुन्हा खाऊन पाहावी. चारही एकदम कायमच्या सोडू नयेत. कारण आपल्याकडे ताटात भाकरीसोबत उरतं काय? आणि मिरचीचं तर उलटंच आहे. तिच्यातल्या कॅप्सायसिनचं मलम दुखऱ्या गुडघ्यावर लावतात. ते तिखटपण नसांना कुठे जाणवतं, हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता जे सांगायचं ते वांग्याचं नाही. कपाशी वेचून, निंदण करून, वर्षानुवर्षं उकिडवं बसून झिजलेले गुडघे वांगं सोडून बरे होत नाहीत. ज्या बाईच्या दोन्ही हातांची बोटं सकाळी तासभर आखडतात, सुजतात, तिला संधिवाताचे उपचार लवकर मिळाले तर सांधे वाकडे होणं टळू शकतं. भाजी बदलून बघण्यात वर्ष गेलं तर ते सांधे परत सरळ होत नाहीत. दुसरी गोष्ट गोळीची. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार जुनी आहे. तिथली माणसं वांगं सोडतात आणि मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेतात. त्या गोळीनं मूत्रपिंड आणखी बिघडतं. ज्याचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्याला डॉक्टर टोमॅटो-आलू कमी करायला सांगतात, ते त्यातल्या पोटॅशियममुळे. त्याचा सांध्यांशी संबंध नाही. घरी येईपर्यंत त्याचं "वातूळ आहे" होतं, आणि शेजारपाजारची धडधाकट माणसंही तेच पथ्य धरतात.

इथे थांबतो. मागच्या रांगेतून कळण्याच्या भाकरीबद्दल चिठ्ठी आली आहे, ती आधी घेऊ.