चौदा टनांची चोरी

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, विलामेट नदीजवळच्या रानात एलिस ह्यूज या वेल्श शेतकऱ्याला १९०२ साली एक गंजकट धोंडा दिसला. दगडाने ठोकला, तर घंटेसारखा वाजला. लोखंड आणि निकेलची ही अशनी भरली सुमारे १४ टन. अडचण एकच : जमीन ह्यूजची नव्हती, ‘ऑरेगन आयर्न अँड स्टील’ कंपनीची होती.

मग त्याने ती चोरली. अशी चोरी करायलाही छाती लागते! मदतीला कोवळा मुलगा आणि एक घोडा. बुंध्याच्या चकत्या कापून गाड्याची चाकं केली, वर अशनी जखडली. पुढच्या झाडाशी रहाट बांधायचा, त्याच्या दोराला गाडा अडकवायचा आणि घोड्याला गोल गोल फिरवायचं. दोर गुंडाळला की रहाट सोडून आणखी पुढे. चिखलात चाकं रुतत म्हणून खाली फळ्या. जेमतेम पाऊण मैल न्यायला तीन महिने लागले. घरी पोचताच त्याने वर छप्पर घातलं आणि २५ सेंट तिकीट लावलं.

कंपनी कोर्टात गेली. ह्यूजचा वकील हुशार. त्याचं म्हणणं, ही मूळ रहिवाशांनी टाकून दिलेली पवित्र वस्तू, म्हणजे सापडेल त्याची. दोन मूळ रहिवाशांनी साक्षही दिली : क्लॅकमस लोक हिच्या खळग्यांतल्या पाण्याने तोंड धूत, लढाईआधी त्यात बाण बुडवत. यातली काही खळगी लहान मूल आत बसेल एवढी मोठी. अशनीतल्या गंधकयुक्त खनिजाचं पावसाच्या पाण्यात आम्ल होऊन लोखंड खात गेलं, त्यातून ही खळगी पडली.

१९०५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : अशनी जमिनीचाच भाग, म्हणून जमीनमालकाची. कंपनीने ती वीस हजारांहून अधिक डॉलरना विकली आणि १९०६ साली ती न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेली.

गंमत म्हणजे ती त्या जमिनीवर पडलीच नसावी. तिथे विवर नाही. हिमयुगाच्या अखेरच्या महापुरात, बर्फाच्या तुकड्यावर बसून ती उत्तरेकडून वाहत आली, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

क्लॅकमस लोक तिला ‘तोमानोवोस’ म्हणतात. त्यांच्या वंशजांचा ज्यात समावेश आहे त्या ग्रँड राँड जमातसंघाने ती परत मागितली. २००० साली करार झाला : अशनी संग्रहालयातच राहील, दरवर्षी तिथे जमातीचा विधी होईल, आणि संग्रहालयाने ती प्रदर्शनातून कायमची काढली तर मालकी जमातीकडे जाईल.