पाककृती : इतिहासाचे एक साधन (पार्मेझान चीजचे आइस्क्रीम, १७८९)

खाऱ्या चीजचे आइस्क्रीम ही आजच्या महागड्या हॉटेलांची टूम आहे, असे तुम्हाला वाटेल. परंतु फ्रेडरिक नट यांच्या १७८९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कम्प्लीट कन्फेक्शनर’ या पुस्तकात त्याची कृती आहे. नट यांनी बर्कली स्क्वेअरमधील नेग्री आणि विटन या मिठाईवाल्यांकडे उमेदवारी केली होती.

कृतीचा सारांश असा : सहा अंडी, अर्धा पाइंट साखरेचा पाक आणि एक पाइंट क्रीम दाट होईपर्यंत शिजवावे, त्यात तीन औंस (सुमारे ८५ ग्रॅम) किसलेले पार्मेझान मिसळावे, मिश्रण चाळणीतून गाळून गोठवावे.

हे खरोखरच चीज होते का? प्रश्न रास्त आहे. त्या शतकातील फ्रेंच मिठाईवाले साच्यात गोठवलेल्या आइस्क्रीमला ‘फ्रोमाज ग्लासे’, म्हणजे शब्दशः ‘गोठवलेले चीज’, म्हणत. पण त्यात चीज असेलच असे नाही. नुसत्या नावावर विसंबणारा अभ्यासक येथे फसतो. नट मात्र चीजचे वजन देतात आणि ते किसायला सांगतात. म्हणून पुरावा शोधायचा तो नावात नव्हे, तर जिन्नस, प्रमाण आणि क्रिया यांत.

आता जिन्नस काय सांगतात ते पाहा. पार्मेझान इटलीहून येई व मौल्यवान असे. १६६६ च्या लंडनच्या आगीत सॅम्युएल पीप्स यांनी आपले पार्मेझान जमिनीत पुरून वाचवण्याचा प्रयत्न केल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. बर्फ हिवाळ्यात साठवून ठेवावा लागे. बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याखाली जाते; त्यात धातूचे भांडे फिरवून आइस्क्रीम गोठवत. आपल्या पॉट आइस्क्रीममागेही हेच तत्त्व आहे. अर्थात, हा पदार्थ श्रीमंतांच्या टेबलावरचाच होता.

आणि पाक? तो सांगतो की गोड आणि खारे एकाच घासात येण्यात त्या काळी कुणाला वावगे वाटत नव्हते. चवींमधली सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही; ती काळानुसार बदलते.

स्वाध्याय : घरातील एखादी जुनी पाककृती घ्या. नाव बाजूला ठेवून जिन्नस, प्रमाण आणि क्रिया यांची यादी करा. प्रत्येक जिन्नस कोठून येई, तो कोणाला परवडे आणि ती मेहनत कोण करी, हे लिहा.