चर्चची प्रत्येक शिकवण पटली नाही, तरी ख्रिस्ती राहता येतं का?

ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण चर्चची एखादी शिकवण मनाला पटत नाही. मग ती श्रद्धा कच्ची ठरते का? सुमारे १४० वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंपुढे हाच प्रश्न होता.

वाद कशावरून झाला?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. पत्रांत रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना मात्र दोघींचे खटके उडू लागले.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, हा बिशपांचा सल्लाही त्यांनी मानला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत, असा त्यांचा आग्रह होता.

दोघींचं म्हणणं काय होतं?

जेराल्डिन यांच्या मते, बाप्तिस्मा घेणं म्हणजे चर्चचा विश्वास स्वीकारणं. नव्याने आलेल्या व्यक्तीने शतकांची शिकवण स्वतःच्या बुद्धीवर तोलणं त्यांना अहंकाराचं वाटे. रमाबाईंचं उत्तर होतं, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर आता पाद्र्यांचं जोखड मानेवर घेणार नाही. बायबल प्रमाण आहे, पण पाद्री सांगतील ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मानता येणार नाही.

मग त्यांनी धर्म सोडला का?

नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारलं. काही प्रश्नांवर त्यांची मतं बदलली, पण ती अभ्यासातून आणि अनुभवातून, दबावाने नव्हे. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल आणण्याच्या कामात होत्या.

आज चर्च काय सांगतं?

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही या प्रश्नाचा विचार आहे. सदसद्विवेकबुद्धीने खात्रीपूर्वक दिलेला कौल माणसाने पाळलाच पाहिजे, असं तो सांगतो. मात्र ही बुद्धी चुकू शकते, म्हणून तिला घडवणं हेही कर्तव्य मानतो. म्हणजे ‘मला पटत नाही’ एवढं म्हणून थांबता येत नाही, त्यापुढे शोध घ्यावा लागतो. रमाबाई तो शोध आयुष्यभर घेत राहिल्या.